रुई आणि बिबळ्या कडवा

रुई (शास्त्रीय नाव: कॅलोट्रॉपिस जायगँशिया) हे पडीक जमिनीवर व रस्त्यांच्या कडेला आपोआप वाढणारे चिकाळ झुडूप आहे. बिबळ्या कडवा (शास्त्रीय नाव: डॅनॉस क्रिसिपस, इंग्रजी नाव: प्लेन टायगर) या फुलपाखराच्या अळीचे ते प्रमुख खाद्य होय. पुणे जिल्ह्यात मुठा नदीवरील खडकवासला धरणाचा परिसर व सिंहगडाच्या पायथ्याची माळराने येथे ही दोन्ही सहज आढळतात.

उत्तर अमेरिकेत मोनार्क फुलपाखरू व मिल्कवीड वनस्पती यांच्यात जे नाते आहे, तेच येथे रुई व बिबळ्या कडवा यांच्यात आहे. मोनार्क व बिबळ्या कडवा एकाच प्रजातीत मोडतात, तर रुई व मिल्कवीड एकाच कुळात. भारतीय वाचकाने मोनार्कविषयी वाचलेले बरेचसे त्याच्या घराजवळच्या रुईवर प्रत्यक्ष पाहता येते.

== विषाचा उपयोग ==

रुईच्या चिकात कार्डिनोलाइड नावाची विषारी द्रव्ये असतात. ती प्राण्यांच्या हृदयाच्या कार्यात बाधा आणतात. चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. गुरे सहसा या झुडपाला तोंड लावत नाहीत. अळीला मात्र या विषाची बाधा होत नाही. पान खाण्यापूर्वी ती शिरा कुरतडून चिकाचा दाब कमी करते. अन्नातून आलेल्या विषाचा काही अंश तिच्या शरीरात साठतो व पुढे फुलपाखरातही उतरतो. अशी फुलपाखरे पक्ष्यांना बेचव लागतात आणि एकदा अनुभव घेतलेला पक्षी त्या रंगाच्या वाटेला पुन्हा सहसा जात नाही. बिबळ्या कडवा संथपणे उडतो, तो याच भरवशावर.

या संरक्षणाचा लाभ इतरही घेतात. डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी बिनविषारी असूनही हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते. तिचा नर मात्र काळा व पांढऱ्या ठिपक्यांचा असल्याने दोघे एकाच जातीचे आहेत यावर प्रथमदर्शनी विश्वास बसत नाही.

== जीवनक्रम ==

मादी बहुधा पानाच्या खालच्या बाजूस एकेक सुटे अंडे घालते. अळीच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके व मांसल शिंगांच्या तीन जोड्या असतात. मोनार्कच्या अळीला अशा दोनच जोड्या असतात. कोश हिरवा किंवा गुलाबी असून तो उलटा लटकतो. प्रौढ नराच्या मागील पंखावर चार काळे ठिपके असतात, मादीच्या पंखावर तीन. नराचा चौथा ठिपका म्हणजे गंधाची पिशवी होय. मादीला आकर्षित करणाऱ्या गंधासाठी लागणारी द्रव्ये रुईत नसतात. ती मिळवण्यासाठी नर खुळखुळ्यासारख्या वनस्पतींच्या वाळक्या किंवा जखमी भागांवर गोळा होतात.

== इतर खाद्यवनस्पती ==

उतरण ही वेल आणि हळदीकुंकू हे लाल-पिवळ्या फुलांचे झुडूप यांवरही ही अळी वाढते. हळदीकुंकू मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून ते खरे मिल्कवीडच आहे. ब्लू टायगर हे जवळचे फुलपाखरू मात्र हिरणदोडीच्या वेलीवर अंडी घालते.

== सद्यःस्थिती ==

अमेरिकेत शेतांमधील तणनाशकांमुळे मिल्कवीड मोठ्या प्रमाणावर नाहीसे झाले. स्थलांतर करणाऱ्या मोनार्कची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२२ मध्ये संकटग्रस्त म्हणून केली व २०२३ मध्ये ती असुरक्षित या वर्गात बदलली. बिबळ्या कडव्यावर असे संकट नाही. रुई चिवट आहे, तोडली तरी बुंध्यातून फुटते. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ वाहतात आणि रथसप्तमीच्या स्नानात तिची पाने लागतात, म्हणून काही ठिकाणी ती मुद्दाम राखलीही जाते. तथापि शहरालगतच्या मोकळ्या जागा साफ करताना निरुपयोगी म्हणून पहिल्यांदा तोडल्या जाणाऱ्या झुडपांत तिचा समावेश असतो. त्या वेळी पानांवरील अंडी व अळ्याही नष्ट होतात, कारण अळीला दुसऱ्या कुळातील पाने खाऊन जगता येत नाही.