नोकियाची पैज आणि ग्राहकाची किंमत

अँड्रॉइड घ्यावा की आयफोन, असं कुणी विचारलं की बोलणं कॅमेरा, बॅटरी आणि किमतीवर येऊन थांबतं. मला त्यात इतिहासाचा प्रश्न दिसतो : निवडायला दोनच पर्याय का उरले? पंधरा वर्षांपूर्वी बाजारात सिम्बियन, ब्लॅकबेरी, अँड्रॉइड, आयफोन आणि विंडोज अशा किमान पाच ऑपरेटिंग सिस्टिम होत्या. त्यातल्या तीन केवळ वाईट होत्या म्हणून संपल्या, असं म्हणता येत नाही. नोकियाची हकिकत त्यासाठी नीट पाहायला हवी.

2010 साली जगभर विकल्या गेलेल्या स्मार्टफोनपैकी 37.6 टक्के फोन सिम्बियनचे होते, अशी गार्टनरची नोंद आहे. अँड्रॉइड 22.7 टक्क्यांवर होतं. म्हणजे नोकियाची ही सिस्टिम पहिल्या क्रमांकावर होती, पण तिचा वाटा घसरत होता. बटणांच्या आणि कमी मेमरीच्या फोनसाठी घडवलेलं सिम्बियन टचस्क्रीनवर अडखळत होतं. म्हणून नोकियाने फेब्रुवारी 2010 मध्ये इंटेलसोबत ‘मीगो’ ही नवी सिस्टिम हाती घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टमधून आलेले स्टीफन एलॉप नोकियाचे प्रमुख झाले.

त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या : मीगो पूर्ण करणं, अँड्रॉइड स्वीकारणं किंवा विंडोज फोनकडे जाणं. अँड्रॉइड घेतलं तर आपण इतर डझनभर कंपन्यांसारखेच एक होऊ, ही धास्ती होती. मायक्रोसॉफ्ट मात्र सोबत पैसाही देत होती. 11 फेब्रुवारी 2011 रोजी लंडनमध्ये विंडोज फोनची घोषणा झाली.

घोषणा झाली, पण फोन तयार नव्हता. पहिला ल्युमिया दुकानात आला तो नोव्हेंबरमध्ये. मधले नऊ महिने नोकिया सिम्बियनचेच फोन विकत होती. ज्या सिस्टिमला तिच्याच मालकाने निरोप दिला, तिचा फोन कोण विकत घेणार? त्याच वर्षी मीगोवरचा ‘एन 9’ आला. जाणकारांनी त्याचं कौतुक केलं, पण त्याला पुढची पिढीच नव्हती.

पुढच्या वर्षी ग्राहकाची पाळी आली. जून 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज फोन 8’ जाहीर केलं आणि जुन्या विंडोज फोनना ते मिळणार नाही, असंही सांगितलं. अमेरिकेत ल्युमिया 900 बाजारात येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

खरी अडचण अ‍ॅपची होती. ग्राहक कमी म्हणून अ‍ॅप बनवणारे येत नव्हते आणि अ‍ॅप नाहीत म्हणून ग्राहक येत नव्हते. त्यात प्रतिस्पर्ध्याचा हातही होता. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः यूट्यूबचं अ‍ॅप बनवलं, तर गुगलने ते काढून टाकायला सांगितलं.

शेवट लवकर आला. एप्रिल 2014 मध्ये नोकियाचा मोबाईल व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला. चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना करवादामुळे त्या सौद्यातून वगळला गेला आणि 1 नोव्हेंबर 2014 पासून बंद पडला. जुलै 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने या व्यवसायापोटी 7.6 अब्ज डॉलर बुडीत दाखवले आणि 7,800 नोकऱ्या कमी केल्या. 31 डिसेंबर 2019 नंतर विंडोज फोनवर व्हॉट्सअ‍ॅपही थांबलं.

मोडीतली दफ्तरं आजही शाबूत आहेत, पण ती वाचणारा सहज सापडत नाही. जुन्या फोनचंही असंच होतं. काच फुटलेली नसते, बॅटरी चालते, तरी त्याच्याशी बोलणारं कुणी उरत नाही. पैसेवाला माणूस दुसरा फोन घेतो. पण ज्याचं बँकेचं काम, मुलांच्या परीक्षेचे अर्ज आणि परगावच्या नातलगांची खुशाली एकाच स्वस्त फोनवर चालते, त्याला अशी एक तारीख फार महाग पडते.

म्हणून फोन घेताना कॅमेऱ्याआधी सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, हे विचारा, असं मी सांगतो. मात्र सगळा भार ग्राहकावर टाकून चालणार नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड फोनमध्ये स्वतःची अ‍ॅप आधीच भरून देण्याच्या सक्तीसह इतर कारणांसाठी गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. मार्च 2023 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. दुकानात आपण दोनांतून एक निवडतो. ते दोनच का असावेत आणि त्यांनी कसं वागावं, हे ठरवण्याची जागा दुकानाबाहेर आहे. तिथलं आपलं लक्ष सुटलं, तर पुढची पैजही दुसराच कुणी लावेल आणि किंमत आपणच मोजू.