सोलापूरचा डॉक्टर, चीनची खेडी

श्रोतेहो, सोलापूर म्हटले की आपल्याला चादर आठवते, गिरणीचा भोंगा आठवतो. त्याच सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेल्या एका मुलाची ही हकीकत. त्याचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून तो डॉक्टर झाला. आता मुलाने पुढची परीक्षा द्यावी, दवाखाना काढावा, घराला हातभार लावावा, असे कोणत्याही आईबापांना वाटणारच. द्वारकानाथचा पुढचा अभ्यास चालूही होता.

इतक्यात १९३८ साल उजाडले. आदल्या वर्षीच जपानने चीनवर मोठी स्वारी केली होती. जखमी अफाट, डॉक्टर मूठभर. चिनी सेनापती जू द यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू यांनी देशाला हाक दिली. आपण स्वतःच तेव्हा पारतंत्र्यात. तरी वर्गणी जमली आणि सप्टेंबरात पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. पथकाचे पुढारी डॉ. अटल. बरोबर नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि २७ वर्षांचे कोटणीस.

तुम्ही म्हणाल, आपल्या गावी का आजारी माणसे नव्हती, की हा इतक्या लांब गेला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर, त्यांनी तिथे कसे काम केले यातच सापडते.

चीनमध्ये असतानाच वडील वारल्याचे कळले. ते परतले नाहीत. ते चिनी बोलायला शिकले, लिहायलाही शिकले. जखमींच्या शुश्रूषेसाठी थेट आघाडीवर गेले. १९४१ च्या जानेवारीत उत्तरेकडील डोंगराळ मुलखात बेथून रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. शस्त्रक्रिया करताना बोट कापून विष भिनल्याने १९३९ मध्ये दगावलेल्या कॅनडाच्या डॉ. बेथून यांचे नाव त्याला दिलेले. रुग्णालय म्हणजे मोठी इमारत नव्हे, बरं का! शेतकऱ्यांची घरे हेच वॉर्ड. शत्रू जवळ आला की सारा संसार उचलून पुढच्या गावाला.

त्याला जोडून वैद्यकाची शाळा होती. तिथे ते तरुणांना चिनीतूनच शिकवीत. त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचे पुस्तकही लिहीत होते. तिथल्याच परिचारिका को छिंगलान यांच्याशी त्यांचे लग्न झाले, मुलगा झाला. पण अपस्माराचे झटके येऊ लागले. विश्रांती घ्या म्हटले तरी काम सुटेना. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. त्यांनी शिकवलेली मुले मात्र मागे राहिली.

गुरुजनहो, ही गोष्ट वर्गात सांगाल तेव्हा शूरपणाबरोबर हेही सांगा: ज्यांची सेवा करायची त्यांची भाषा आधी शिकावी लागते आणि आपल्यामागे काम चालवतील अशी माणसे तयार करावी लागतात. सोलापूरच्या खेड्यातही हाच नियम, चीनच्या खेड्यातही हाच.

आणि गावकरी मंडळी, दुसरी बाजूही पाहा. त्या शेतकऱ्यांनी आपल्या राहत्या खोल्या जखमींना दिल्या, म्हणून तर तिथे रुग्णालय उभे राहिले. आपल्या आरोग्य केंद्रावर नुकताच शिकून आलेला एखादा डॉक्टर येतो. त्याला राहायला जागा आहे का, जेवणाची सोय आहे का, एवढी चौकशी तरी आपण करतो का?