निमित्त नसलेला किल्ला

‘एवढा घोडा झाला तरी ठोकळ्यांशी खेळतो,’ हे वाक्य आपल्याकडे कौतुकाने कुणी उच्चारत नाही. लेगोसारख्या प्लॅस्टिकच्या विटांचा खोका स्वतःसाठी विकत आणणारा आणि रात्रीची जेवणे आटोपली की तो टेबलावर ओतून बसणारा प्रौढ माणूस आता आपल्या शहरांतही दिसतो. त्याच्याविषयी तक्रारी दोन: हे परदेशी खूळ आहे, आणि हा पोरकटपणा आहे. इतिहास तपासला तर दोन्ही टिकत नाहीत. हाताएवढ्या जागेत वास्तू उभी करण्याचा नाद मराठी घरांतल्या मोठ्या माणसांना केव्हापासूनच आहे. मात्र त्या नादाला आजवर सणाचे, देवाचे किंवा घरातल्या पोरांचे निमित्त लागत असे. नवा माणूस असे कुठलेच निमित्त पुढे करत नाही. त्याला बांधायचे असते म्हणून तो बांधतो. लोकांना खुपते ते हे निमित्त नसणे, त्याच्या वयाचा मुद्दा वरवरचा आहे. आणि निमित्तावाचून बांधणारी माणसे का हवीत, याचे उत्तर जबलपूरच्या गढ्यात सापडते.

आधी आपल्या अंगणातला पुरावा पाहू. दिवाळीचा किल्ला मुलांचा, असे आपण म्हणतो. पण किल्ल्याचे काम टप्प्याटप्प्याने डोळ्यांपुढे आणले तर त्यातली वाटणी लगेच उघड होते. तळाशी विटा आणि दगड रचायचे, त्यांवर चिखलाच्या राबडीत बुडवलेले गोणपाट अंथरायचे, ते सुकण्याआधी त्याच्या सुरकुत्यांतून कडे आणि सोंडा काढायच्या, मग बारीक चाळलेल्या मातीचा हात फिरवायचा, काडीने पायऱ्या कोरायच्या. उतारावर हळीव किंवा मोहरी पेरायची, म्हणजे चार-पाच दिवसांत रान उगवते. पायथ्याच्या तळ्यासाठी करवंटी पुरायची, आणि हौस दांडगी असेल तर सलाइनची नळी आतून फिरवून कारंजे उडवायचे. यातले चिखल तुडवणे, माती आणणे, कुंभाराकडचे मावळे निवडणे पोरे उत्साहाने करतात. बुरूज कोसळू नये म्हणून दगड कुठे रोवायचा, पाण्याचा दाब किती उंचीवरून मिळेल, महादरवाजा गोमुखी करायचा तर भिंत कशी वळवायची, हे प्रश्न मात्र काका, मामा आणि वडील सोडवत असतात, आणि पोरे जेवायला गेल्यावरही तेच तिथे उकिडवे बसलेले असतात. पुण्यात, कोल्हापुरात, बेळगावात किल्ला स्पर्धांसाठी मंडळे जी शिल्पे उभी करतात, त्यांत तर मोजमापे, नकाशे आणि गडावरच्या प्रत्यक्ष फेऱ्या असतात. हा मुलांचा खेळ मोठ्यांनी बळकावला असे म्हणण्यापेक्षा मुलांच्या नावावर चाललेला मोठ्यांचा खेळ म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

दुसरा पुरावा देवघरातला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरातल्या बायका पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडतात आणि त्या पायऱ्यांवर चित्रे, बाहुल्या, लाकडी खेळणी ठेवतात. गणपतीच्या मखरासाठी कित्येक घरांतला एखादा कर्ता पुरुष श्रावणापासूनच कटर घेऊन बसे. थर्माकोलचे खांब, कमानी, गोपुरे, महाल, सगळे हाताने कापलेले, टाचण्यांनी जोडलेले, वर चमकी लावलेले. २०१८ साली महाराष्ट्राने प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली तेव्हा हीच मंडळी पुठ्ठ्याकडे आणि कागदाकडे वळली. साहित्य गेले म्हणून नाद गेला नाही. सार्वजनिक गणेशोत्सवात तर प्रतिकृती बांधणे हाच देखाव्याचा मुख्य प्रकार झाला. पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराची प्रतिकृती उभी होती. यातल्या कुणालाही ‘या वयात?’ असे कुणी विचारत नाही, कारण देव पुढे आहे. हेच हात, हीच चिकाटी, हीच रात्रीची जागरणे. देव उचलून बाजूला ठेवला की मात्र ते पोरकट ठरते.

खेळण्यावर फक्त मुलांचा हक्क, ही कल्पना पक्की झाली ती शिक्षणाच्या हातून, आणि तिचे वय फार नाही. फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली, आणि तिच्यासाठी लाकडी ठोकळ्यांच्या पेट्या शास्त्रशुद्ध क्रमाने तयार केल्या. एका पेटीत आठ लहान घन, जुळवले की एक मोठा घन. ठोकळा हे शिकवण्याचे साधन झाले आणि त्याचबरोबर मुलाच्या वयाशी बांधले गेले. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचा विचार रुजवला, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, पुढे बोर्डीत आणि कोसबाडला ताराबाईंनी खर्चिक साहित्याऐवजी परिसरातल्या वस्तूंवर भर दिला. हे काम मोठेच होते. पण त्याच्या बरोबरीने समाजात एक समजूत घट्ट झाली, की खेळणे म्हणजे वाढीची एक पायरी. ती चढून झाली की मागे वळायचे नाही. कायद्यानेही तीच व्याख्या उचलली. २०२०च्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशात खेळणे म्हणजे चौदा वर्षांखालील मुलांनी खेळावे म्हणून बनवलेली वस्तू. चौदाव्या वर्षानंतर माणूस ज्याच्याशी खेळतो त्याला या व्याख्येत नाव नाही.

प्लॅस्टिकच्या विटेचा प्रवास या व्याख्येच्या उलट दिशेने झाला. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली. १९४९ साली त्याच्या कारखान्यात एकमेकींत अडकणाऱ्या विटा निघाल्या, त्याही हिलरी पेज या इंग्रज माणसाच्या विटांवरून बेतलेल्या. वरचे खुंट आणि आतली नळी यांची घट्ट पकड साधणारी आजची रचना २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी दाखल झाली. ग्राहक मूलच होते. मोठे झालेले मूल परत येईल हा हिशेब लेगो कंपनीने आधी केला नव्हता. तो तिला माणसांनी करायला लावला. १९९८ साली आलेल्या माइंडस्टॉर्म्स या यंत्रमानव बांधण्याच्या संचातला प्रोग्रॅम प्रौढ हौशी मंडळींनी काही आठवड्यांतच उकलला, आणि कंपनीने कोर्टकचेरी न करता त्यांना मोकळीक दिली. २००३-०४ सुमारास धंदा बुडायच्या बेतात आला, तेव्हा या प्रौढ गिऱ्हाइकाची किंमत आणखी कळली. २००८ साली वास्तूंची स्वतंत्र मालिका निघाली, त्याच वर्षी ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल आला, आणि २०२०पासून खोक्यांवर उघड ‘१८+’ छापले जाऊ लागले. फ्रोबेलने ठोकळा मुलाच्या हाती दिल्यावर सुमारे एकशे ऐंशी वर्षांनी तो मोठ्यांच्या हाती राजरोस परतला.

यावर दोन आक्षेप वजनदार आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला पैशाचा आणि प्लॅस्टिकचा. दिवाळीचा किल्ला मातीतून येतो, शेवटी सुतळी बॉम्ब लावून उडवला जातो आणि मातीत जातो, खर्च मावळ्यांपुरता. विटांचा संच हजारांच्या घरात, कारण मूळ किंमत मोठी, शिवाय खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर गेले. हा नाद सुखवस्तूंचा आहे, हे मान्य करायलाच हवे. पण महाग छंद हा पोरकट छंद नव्हे, आणि प्लॅस्टिकविषयीची हरकत एकदा वापरून फेकण्याच्या वस्तूंना जशी लागू पडते तशी इथे पडत नाही: १९५८ नंतरची वीट आजच्या विटेतही बसते, म्हणून ती फेकली जात नाही, हातोहात फिरते. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. संच घेणारा माणूस पुस्तिकेतल्या पायऱ्या क्रमाने पाळतो. मग तो बांधणारा कसला, तो तर नुसता जुळवणारा. संचापुरते हे खरे आहे. पण वीट संचाने बांधलेली नसते. आठ खुंटांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा एकमेकींत अडकवण्याचे प्रकार गणितज्ञांनी मोजले, ते ९१,५१,०३,७६५ भरले. पुस्तिका त्यांतला एक प्रकार सांगते. मुरलेला हौशी माणूस काही वर्षांनी संच मोडतो, विटा रंगाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे डब्यांत लावतो आणि स्वतःच्या मनाचे बांधू लागतो. मराठी घरातही मुलगा आधी शेजारच्याचा प्रतापगड पाहून प्रतापगड करतो. स्वतःचा गड त्याला पुढे सुचतो.

आता गढ्याकडे येऊ. आज गढा हा जबलपूर शहराचा एक भाग आहे. एके काळी जबलपूर काहीच नव्हते आणि गढा ही गोंड राज्याची राजधानी होती. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात संग्रामशहाने हे राज्य बावन्न गढांपर्यंत वाढवले असे परंपरा सांगते. १८३७ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने या घराण्याचा इतिहास छापला. त्यातल्या यादीत प्रत्येक गढापुढे त्याच्या गावांचा आकडा आहे, कुठे ३६०, कुठे ७५०. म्हणजे गढ म्हणजे नुसता तट नव्हे. तट आणि त्याच्या आधाराने जगणारी गावे मिळून एक घटक, आणि असे घटक जोडून झालेले राज्य. घटक सुटेही करता येत: २४ जून १५६४ रोजी या राज्याची राणी दुर्गावती मोगल सरदार आसफखानाशी लढताना पडली, आणि पुढे त्याच घराण्यातल्या चंद्रशहाला गादीसाठी दहा गढ अकबराला द्यावे लागले, असे तोच इतिहास सांगतो. गढ्याच्या टेकडीवर मदनमहल उभा आहे. ग्रॅनाइटच्या एका अजस्र गोल खडकावर बसवलेली ही लहानशी दुमजली वास्तू. खडक कापून सपाट न करता त्याच्या फुगवट्यालाच पाया मानून भिंती चढवल्या आहेत. खाली अंगणात खोल्यांच्या ओळी आणि पाण्याचे कुंड. जवळच एक शिळा दुसरीवर जेमतेम टेकलेली आहे. १९९७च्या जबलपूरच्या भूकंपातही ती हलली नाही.

या गढ्याच्या ऱ्हासाला मराठी हात लागला आहे. १७८१ साली पेशव्यांच्या वतीने सागर प्रांत सांभाळणाऱ्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतले आणि ठाणे केले ते जबलपूरला. शेवटचा राजा नरहरशहा खुरईच्या किल्ल्यात कैदेत वारला. १७९८ साली हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि डिसेंबर १८१७मध्ये इंग्रजांकडे गेला. ठाणे हलले तशी जुनी राजधानी उपनगर झाली. इतका जवळचा संबंध असूनही आपल्या दिवाळीच्या किल्ल्यांत गढा येत नाही, आणि सणाच्या तर्काने तो येणारही नाही. सिंहासनावर शिवाजी महाराज बसवायचे तर गड रायगड, राजगड, प्रतापगडच हवा. ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारशात गेलेले बारा किल्लेही साल्हेरपासून जिंजीपर्यंतचे, मराठ्यांच्या लष्करी भूगोलाचे. निमित्ताची ही मर्यादा आहे: ते आपल्या माणसाचे, आपल्या देवाचे तेवढेच बांधून घेते. ज्याचे राज्य आपण बुडवले त्याचा बुरूज बांधायला सण सांगत नाही. तिथे निव्वळ कुतूहलाने बांधणारा माणूस लागतो.

आणि बांधून पाहिल्याखेरीज काही प्रश्न पडतच नाहीत. मदनमहलाचे छायाचित्र पाहणारा ‘राणीचा महाल’ म्हणून पुढे जातो. तोच विटांनी उभा करू पाहणाऱ्याला पहिल्याच रात्री कळते की इतक्या लहान मजल्यांत दरबार मावत नाही. ही चौकी असावी, लांबवर नजर ठेवण्याची. चौकोनी विटांतून गोल खडक साधायचा तर विटा कुशीवर फिरवून बसवाव्या लागतात, आणि ती खटपट करताना मूळच्या गवंड्याने फुगीर पायावर सरळ भिंत कशी ओळंब्यात ठेवली हा प्रश्न समोर येतो. कुणी म्हणेल, बहुतेक हौशी लोक तर अवकाशयाने आणि मोटारीच बांधतात. खरे आहे. दिवाळीच्या किल्ल्यावरही मावळ्यांच्या शेजारी क्रिकेटपटू आणि प्लॅस्टिकचे ट्रक उभे असतात. म्हणून ती प्रथा निकामी ठरत नाही. प्रथेची परीक्षा तिच्यातल्या सरासरी कामावरून करू नये, तिने कुठली वाट मोकळी केली यावरून करावी.

तेव्हा विटा घेऊन बसणाऱ्या प्रौढाला त्याचे वय किंवा पोरांची सबब विचारणे निरर्थक आहे. त्याचे आजोबा मखराआड आणि वडील किल्ल्याआड हेच करत होते. त्याला विचारण्याजोगा प्रश्न दुसरा आहे: निमित्ताचे बंधन सुटल्यावर तू बांधतोस काय? दुकानात ताजमहाल आला, कारण त्याला जगभर गिऱ्हाईक आहे. मदनमहलाचा खोका कुठलीही कंपनी काढणार नाही. पण सुट्या विटांना बाजाराची परवानगी लागत नाही, आणि पंचांगाचीही नाही. या मोकळिकीचा उपयोग ज्यांच्यासाठी कुठला सण नाही अशा वास्तू समजून घेण्यासाठी झाला, तर या नादाने सणांनाही न जमलेले काम केले असे म्हणता येईल. आणि मराठी हातांनी त्याची सुरुवात गढ्यापासून करणे न्यायाचेही ठरेल.