करवतकाठी साडी : हातमागावरचा छोटा व्यवसाय

करवतकाठी ही विदर्भात हातमागावर विणली जाणारी टसर रेशमाची साडी आहे. काठावरची नक्षी करवतीच्या दात्यांसारखी दिसते, म्हणून हे नाव. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील विणकर ती विणतात. तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

कच्चा माल
टसरचे किडे ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढतात. पूर्व विदर्भातील जंगलांत त्यांचे कोष मिळतात. कोषावरूनच या कापडाला ‘कोसा’ म्हणतात. धाग्याचा मूळ रंग मधासारखा असतो.

विणकाम
दोन काठांसाठी दोन आणि अंगासाठी एक असे तीन धोटे लागतात. काठाचा आणि अंगाचा आडवा धागा प्रत्येक फेरीत हाताने एकमेकांत अडकवावा लागतो. त्यामुळे एका साडीला बरेच दिवस जातात आणि किंमत वाढते.

विक्री
व्यापाऱ्याच्या धाग्यावर विणणाऱ्याला नगाप्रमाणे मजुरी मिळते. स्वतःचा धागा घेणाऱ्याला नफा मिळतो, पण साडी विकली जाईपर्यंत त्याचे भांडवल अडकून पडते. यंत्रमागावरची किंवा छापील काठाची नक्कल स्वस्त असते. किमतीत तिच्याशी टक्कर देता येत नाही. अस्सलपणा दाखवणे हाच विणकराचा आधार असतो. २००६ साली सुरू झालेला ‘हँडलूम मार्क’ हातमागाची, तर ‘सिल्क मार्क’ शुद्ध रेशमाची खूण आहे. १९७१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे.

घेताना साडी उलटी करून काठाचा सांधा पाहावा. अस्सल साडीत काठ आणि अंगाचे धागे तिथे एकमेकांत गुंतलेले दिसतात.