पत्रविद्या वर्गात आली तेव्हा

पत्रकारिता ही महाविद्यालयात शिकण्याची विद्या आहे काय? मुलगी ‘मीडिया’ शिकायचे म्हणते म्हणून चिंतावलेले पालक हा प्रश्न आम्हां धर्मगुरूंनाही विचारतात. ही शंका शंभर वर्षांहून जुनी आहे.

पूर्वी वार्ताहर घडत असे तो छापखान्यात. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये पत्र काढले, तेव्हा असा वर्ग कोठून असणार? मात्र ते स्वतः प्रकांड पंडित होते, हे विसरू नये.

अमेरिकेत जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रमालकाने १८९२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारिता विद्यालयासाठी देणगी देऊ केली; विद्यापीठाने ती नाकारली. त्याच्याच ‘वर्ल्ड’ पत्राने पुढे क्युबाच्या युद्धाच्या वेळी भडक बातम्यांचा कळस केला. १९०४ मध्ये मात्र त्याने सविस्तर लेख लिहून आपली कल्पना मांडली. पत्रकाराला इतिहास, कायदा आणि नीती शिकवा. जाहिरात, खप असला धंद्याचा भाग वर्गाबाहेर ठेवा. खप वाढवण्यात हयात गेलेल्या माणसाने हे लिहावे! मला त्यात प्रायश्चित्ताचा सूर ऐकू येतो. १९११ मध्ये तो वारला आणि १९१२ मध्ये विद्यालय उघडले. तत्पूर्वी १९०८ मध्ये मिसुरी विद्यापीठाने वर्गाच्या पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांचे खरेखुरे वृत्तपत्र काढून वेगळी वाट धरली होती.

आपल्याकडे १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात हा विषय सुरू झाला. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय. स्कॉटिश मिशनऱ्यांच्या या संस्थेत १९५२ च्या सुमारास रोलंड वूल्सली या अमेरिकन प्राध्यापकांनी पत्रकारिता विभागाचा पाया घातला. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंनी आपल्याआधी पाऊल टाकले, हे मोकळेपणाने मान्य करावे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयी आदेशपत्र काढले. पत्रलेखकांना ख्रिस्ती वृत्तीचे, विशेषतः ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचे शिक्षण देणाऱ्या संस्था वाढवाव्यात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १९६९ मध्ये येशूसंघीयांनी मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स स्थापली, ती या पार्श्वभूमीवर.

पुढे २००० च्या सुमारास मुंबई विद्यापीठाने ‘बॅचलर ऑफ मास मीडिया’ ही पदवी आणली. तिच्या तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्याने दोहोंतून एक शाखा निवडायची असे: पत्रकारिता किंवा जाहिरात. पुलित्झरने वर्गाबाहेर ठेवलेला विषय तोवर पहिल्या बाकावर येऊन बसला होता.