नांद्याची पांढरी आणि सेवेचा हिशेब

पुण्याच्या पश्चिमेस, मुळेच्या खोऱ्यात, सूस, म्हाळुंगे, लवळे आणि चांदे या गावांच्या शेजारात मुळशी तालुक्यातील नांदे हे गाव आहे. तालुक्याचे ठाणे पौड, मुलूख मावळचा आणि मुख्य पीक भाताचे. अशा गावाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी साहजिकच गडकोटांकडे आणि लढायांकडे धावते. परंतु गाव शतकानुशतके उभे राहिले ते एका निराळ्या, नित्याच्या आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिलेल्या उद्योगावर. चारचौघांचे काम चारचौघांनी मिळून कसे करावे, त्यासाठी पैसा कोणी द्यावा, तो कोणाच्या हाती असावा आणि त्याचा जाब कोणी विचारावा, या प्रश्नांची उत्तरे आपल्या गावांनी व शहरांनी वेळोवेळी कशी दिली, त्याचा हा आलेख आहे. आज नांद्याच्या शिवारात खाचरांच्या बांधापर्यंत इमारती आल्या असून तेथे सेवेच्या संस्था, मित्रमंडळे आणि गृहसंस्थांच्या समित्या एकमेकींशेजारी नांदू लागल्या आहेत. म्हणून या जुन्या उत्तरांकडे पुन्हा पाहणे अगत्याचे झाले आहे.

मराठेशाहीतील गावाचे दोन भाग मानले जात : कसण्याची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. पांढरी म्हणजे नुसती घरे नव्हेत. गावकरी मिळून जो समुदाय बनतो, ज्याच्या नावाने निवाडे होतात आणि जो शब्द दिला असता पाळतो, तोही पांढरीच. पाटील हा गावाचा मुख्य, कुलकर्णी दप्तराचा धनी, चौगुला पाटलाचा हस्तक. आणि त्यांच्या भोवती सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी आदी बलुतेदार. वतनाचा किंवा हद्दीचा तंटा निघाला म्हणजे गोतसभा बसे, साक्षी होत, आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. जुन्या महजराचा कागद हाती घेऊन पाहावा. मजकूर मोडीत, एकटाकी उतरलेला. आणि त्याच्या तळाशी, ज्यांना अक्षर येत नाही अशांच्या निशाण्या. पाटलाच्या नावाशेजारी नांगर, परिटाच्या नावाशेजारी मोगरी, न्हाव्याच्या नावाशेजारी आरसा. प्रत्येकाने आपल्या धंद्याचे हत्यार हीच आपली सही मानली आहे. त्या सभेत मनुष्य बसे तो आपल्या कामाचा प्रतिनिधी म्हणून, आणि सुताराच्या निशाणीवाचून केवळ पाटलाच्या नांगरावर गावाचा कागद पुरा होत नसे.

या समुदायाचा खर्चही सामाईक असे. देवळाची दिवाबत्ती, जत्रा, गावात उतरणारे फकीर व गोसावी, वेशीची दुरुस्ती, सरकारी शिपायाचा शिधा, हे सारे गावखर्चाच्या सदरात पडे आणि कुलकर्णी त्याचा जमाखर्च ठेवी. 1819 साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या ग्रामव्यवस्थेच्या टिकाऊपणाची त्याने आवर्जून नोंद केली. पुण्याचा शल्यचिकित्सक टॉमस कोट्स याने त्याच सुमारास लोणी गावाची तपशीलवार पाहणी करून तेथील शेत, घर आणि हक्कदार यांचे वर्णन केले. तथापि या व्यवस्थेचे आतून पाहिलेले, आणि म्हणून अधिक कठोर असे परीक्षण त्रिंबक नारायण आत्रे या मामलतीच्या कामात मुरलेल्या गृहस्थाने 1915 च्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात केले. हक्क राहिला पण काम राहिले नाही, बलुते घेणारे पुष्कळ आणि गावाच्या उपयोगी पडणारे थोडे, अशी गावाची झालेली गत त्यांनी निर्भीडपणे मांडली.

जुन्या पांढरीचे गुण सांगताना तिचा दोष झाकणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होय. तिच्यात प्रतिनिधित्व होते, हिशेब होता. परंतु फेरपालट नव्हती. पाटीलकी बापाकडून मुलाकडे जाई, मग तो मुलगा लायक असो वा नसो. आणि ज्यांनी वेस राखावी, हद्द दाखवावी, सरकारी टपाल पोहोचवावे, त्या महारांची वस्ती मात्र वेशीबाहेर. गावाची सर्वांत कष्टाची सेवा ज्यांच्या माथी, त्यांनाच गावाच्या पाणवठ्यावर मज्जाव. ती सेवा त्यांनी पत्करलेली नव्हती, ती त्यांच्यावर लादलेली होती, म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणून या वेठीवर घाव घातला. कनिष्ठ ग्रामवतने 1958 च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी 1962 च्या कायद्याने संपुष्टात आली. जी सेवा नाकारण्याचा अधिकार सेवकाला नाही तिला सेवा म्हणता येत नाही, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा पुणे शहराने दिला. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष माजला असता, त्या तक्रारी मांडावयाच्या तर कोणत्या अधिकाराने, असा प्रश्न उभा राहिला. आणि त्यातून 2 एप्रिल 1870 रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे अधिपती श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्ष झाले, तर गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्राण ठरले. लोकांनी त्यांना ‘सार्वजनिक काका’ हेच नाव दिले. या सभेचा एक नियम फार मोलाचा आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा, असे तिने ठरविले, आणि प्रारंभीचे 95 सभासद सुमारे 6000 लोकांची मुखत्यारी घेऊन आले. लोककल्याणाची कळकळ हेच सभासदत्वाचे भांडवल मानणे सोपे होते. काकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे केले नाही. ज्याच्या मागे पन्नास माणसे उभी नाहीत त्याने त्यांच्या वतीने बोलू नये, हा दंडक त्यांनी स्वतःवर घालून घेतला. म्हणूनच 1876-77 च्या दुष्काळात तालुक्यातालुक्यांतून माहिती गोळा करून सभेने सरकारपुढे ठेवली, तेव्हा त्या कागदांना वजन आले.

मुखत्यारीचा हा प्रश्न मुळशी तालुक्यापुढे अत्यंत वेदनादायक रूपाने आला. टाटा कंपनीच्या धरणासाठी मावळ्यांची गावे पाण्याखाली जाणार हे ठरताच 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्याला वाहून घेतले. परंतु ज्यांच्या नावे जमिनी होत्या त्यांतील पुष्कळ सावकार शहरवासी असून त्यांचा ओढा भरपाईकडे होता, तर जो कुळ म्हणून किंवा मिरासदार म्हणून प्रत्यक्ष नांगर धरी त्याला जमीन हवी होती. बोलणी कोणाच्या वतीने चालली आहेत, याविषयी एकवाक्यता राहिली नाही. सत्याग्रही तुरुंगात गेले आणि धरण पुरे झाले. या खोऱ्यातील माणसाला ‘तुमच्या भल्यासाठी’ हे शब्द ऐकताच आधी ‘तुम्हाला कोणी सांगितले?’ असे विचारावेसे वाटत असेल, तर त्याचा तो अविश्वास अकारण नाही.

1905 साल या इतिहासात विशेष लक्षणीय आहे. त्या वर्षी 12 जून रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापिला. त्याच्या सभासदास आजन्म देशसेवेची शपथ घ्यावी लागे. स्वतःसाठी द्रव्यार्जन करावयाचे नाही आणि जातिधर्माचा भेद मानावयाचा नाही, ही त्या शपथेची अंगे. ना. म. जोशी, ठक्करबाप्पा, गो. कृ. देवधर हे या मुशीतून निघाले. त्याच वर्षी 23 फेब्रुवारीस अमेरिकेतील शिकागो शहरी पॉल हॅरिस या वकिलाने एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता व एक शिंपी अशा तिघा स्नेह्यांसह रोटरी क्लबचा प्रारंभ केला. गोखल्यांचा मार्ग संन्यासाचा, तर हॅरिसचा गृहस्थाश्रमाचा : धंदा सोडू नये, धंद्याच्या बळावरच समाजाचे ऋण फेडावे. रोटरी ही संस्था 1920 च्या सुमारास कलकत्त्यास व 1929 साली मुंबईस आली, आणि पुढे कलकत्त्याचे नीतीश लाहिरी 1962-63 साठी तिचे जागतिक अध्यक्ष झाले.

या क्लबाची घटना पाहता मराठी वाचकास एक साम्य चटकन जाणवावे. मूळच्या नियमाप्रमाणे एका व्यवसायाचा एकच सभासद घ्यावयाचा : वकील एक, वैद्य एक, कापडवाला एक. हा नियम पुढे सैल झाला, पण त्यामागील कल्पना महजराच्या तळाशी नांगर, मोगरी आणि आरसा काढणाऱ्यांच्या कल्पनेहून दूरची नाही; सभेत मनुष्य यावा तो आपल्या कामाचा प्रतिनिधी म्हणून. जे पांढरीत नव्हते ते मात्र येथे होते. अध्यक्षाची मुदत एका वर्षाची. 1 जुलै उजाडला की नवा अध्यक्ष, आणि कालचा अध्यक्ष पुन्हा साध्या सभासदांच्या रांगेत. सत्ता सोडावयाची तारीख ती हाती येण्यापूर्वीच मुक्रर असणे, हा सेवासंस्थेच्या आरोग्याचा फार मोठा आधार आहे. याउलट, ज्या वेशीबद्दल आपण गावाला दोष देतो तशी वेस या क्लबालाही होती : 1989 पर्यंत त्याच्या घटनेने स्त्रियांना सभासदत्व दिले नव्हते. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन 1909 पासून काम करीत होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या विलंबाचे आश्चर्य अधिकच वाटते.

स्वराज्यानंतर कायद्याने या साऱ्यावर आपली मोहोर उठविली. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यान्वये सात माणसे एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतातच. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने त्यांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख आली. हिशेबांची तपासणी करून घ्यावी, विश्वस्त बदलले तर 90 दिवसांच्या आत बदल अहवाल दाखल करावा, असे दंडक लागू झाले. कोणत्याही नेटक्या मंडळाची इतिवृत्ताची वही उघडून पाहिली तर हा सारा संस्कार तिच्यात आढळतो : ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय, मग जमाखर्चास मंजुरी, मग ठराव, त्याखाली सूचक व अनुमोदक यांच्या सह्या, आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब. या कोरड्या वाटणाऱ्या ओळींतच दात्याचे संरक्षण आहे.

मावळच्या गावांत हा कायद्याचा संस्कार पोहोचण्याआधीपासून जत्रेच्या वर्गणीने लोकांना तोच धडा दिला आहे. घरटी पट्टी ठरते, पोरे दारोदार फिरून ती जमवितात, कुस्त्यांचा आखाडा, पालखी आणि भंडारा पार पडतो, आणि मग देवळात बसून हिशेब वाचला जातो : कोणाची किती वर्गणी आली, कोणाची राहिली, मंडपवाल्यास काय दिले, शिल्लक किती व कोणाकडे. ज्या गावात हे वाचन चुकत नाही तेथे पुढील वर्षी पट्टी मागावी लागत नाही, लोक आपण होऊन आणून देतात. जेथे ते एकदा टळले, तेथे दोन जत्रा होतात.

आता नांद्याचे काय, हा प्रश्न उरतो. येथील जुन्या घरांपाशी गावकीचा पिढ्यांचा अनुभव आहे, ओढा कोठून वाहतो आणि पाणी कोठे तुंबते याचे ज्ञान आहे; नव्या इमारतींत राहणाऱ्यांपाशी व्यवसायाचे कौशल्य, पैसा आणि सभाशास्त्राचा परिचय आहे. नवा क्लब शाळेस संगणक देतो, रक्तदानाचे शिबीर भरवितो, झाडे लावतो; पण त्याच्या कार्यकारिणीत गावचा शेतकरी नसेल, तर ते काम गावावर केलेला उपकार ठरते. आणि गावची यात्रा कमिटी शेजारच्या इमारतीतून वर्गणी नेते. पण हिशेबाच्या वाचनास तेथील माणसाला बोलावीत नसेल, तर ती वर्गणी खंडणीसारखी भासू लागते. सार्वजनिक काकांचा मुखत्यारनामा, पॉल हॅरिसच्या क्लबाची वार्षिक फेरपालट आणि देवळातले हिशेबाचे वाचन, या तिन्ही गोष्टी आपल्या परंपरेत आज एकत्र उपलब्ध आहेत. त्या एकाच संस्थेत आणण्यासाठी नवा कायदा नको, सरकारी अनुदानही नको. गावकी आणि गृहसंस्था यांनी मिळून एक मंडळ करावे, प्रत्येक आळीने व प्रत्येक इमारतीने आपला मुखत्यार सह्यांनिशी पाठवावा, स्त्रियांना व पूर्वीच्या वेशीबाहेरच्या वस्त्यांना त्यात पहिल्या दिवसापासून हक्काचे स्थान असावे, अध्यक्ष दरसाल बदलावा, आणि वर्षाचा जमाखर्च सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. सेवेची प्रेरणा या खोऱ्यात कधीच उणी नव्हती; तिला अधिकार देणारी माणसे आणि तिला जाब विचारणारी माणसे एकच असली, म्हणजे ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते.