गाठ दिसली, केस सापडला

पावसाळ्यात मुळशी खोऱ्यातील झाडाझुडपांवर केसाळ सुरवंट दिसू लागतात. त्यांचा केस अंगाला लागला की खाज सुटते, हे तिथल्या मुलांना ठाऊक असते. पण तोच केस डोळ्यात गेला तर काय होते? हे कोडे प्रथम युरोपातील डॉक्टरांनी उलगडले.

सुरवंटाच्या केसाने डोळ्याला होणाऱ्या दाहाची नोंद शोन यांनी १८६१ साली केली. १८८३ मध्ये पागेनस्टेखर यांनीही असा रुग्ण वर्णिला. अशा डोळ्यात बारीक गाठी येतात. क्षयाच्या गाठीही तशाच दिसतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला होता. त्यामुळे संशय क्षयावर जाणे साहजिक होते. परंतु गाठीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर आत सापडला तो केस, आणि त्याला वेढून बसलेल्या पेशी! म्हणून या विकाराला 'आभासी क्षय' असेही म्हटले गेले. १९०४ मध्ये सेमिश यांनी 'ऑफ्थाल्मिया नोडोसा', म्हणजे गाठींचा नेत्रदाह, हे नाव दिले.

गाठ का होते? केस शरीराला विरघळवता येत नाही, म्हणून पेशी त्याला कोंडून टाकतात. मात्र प्रत्येक केस असा अडकत नाही. त्यावर सूक्ष्म काटे असतात. गवताच्या कुसळाप्रमाणे तो पुढे सरकतो, मागे येत नाही. डोळा चोळला की तो आणखी रुततो. क्वचित तो डोळ्याच्या अंतर्भागात, दृष्टिपटलापर्यंतही पोचतो. १९११ मध्ये गुलस्ट्रांड यांनी स्लिट लॅम्प दाखवला. अशा उपकरणामुळे जिवंत डोळ्यातले बारीक केस शोधणे शक्य झाले. १९८४ मध्ये कॅडेरा व सहकाऱ्यांनी या इजेचे पाच प्रकार पाडले. त्यांतला शेवटचा डोळ्याच्या आतल्या भागाचा.

या इतिहासातून वर्गात सांगण्याजोगे बरेच आहे. सारखी दिसणारी लक्षणे सारख्याच कारणाची नसतात. पावसाळ्यात मुलाचा डोळा लाल दिसला, की आपण 'डोळे आले' म्हणून मोकळे होतो. त्याआधी एक प्रश्न विचारावा: सुरवंटाशी संबंध आला होता का? उत्तर 'हो' असेल तर डोळा चोळू देऊ नये, स्वच्छ पाण्याने धुवावा आणि मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. लाली ओसरली तरी तपासणी टाळू नये. केस आत राहिलेला असू शकतो.